मुक्या जनावराची संमती

गेल्या मार्गशीर्षात, लग्नसराई ऐन भरात असताना, नवी मुंबईत नेरूळच्या बाजूस एक लहानसा प्रसंग घडला. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही, व घेण्याचे काही कारणही नव्हते. वरातीस भाड्याने दिली जाणारी एक पांढरी घोडी दुपारपासून पोटशूळाने बेजार झाली. ती पुढच्या पायाने जमीन उकरी, वळून वळून आपल्या कुशीकडे पाही, घामाने निथळे, आणि मालकाने लगाम सैल सोडताच लोळण घेई. दिवे लागण्याच्या सुमारास पशुवैद्य आले. त्यांनी नाकावाटे नळी घालून पाहिली, वेदनाशामक औषध टोचले, आणि दोन तास वाट पाहून सांगितले की, आतड्यास पीळ पडला आहे. आता पोट फाडून तो सोडविणे एवढाच उपाय उरला. त्यासाठी तिला रातोरात ट्रकात घालून खाडीपलीकडे न्यावे लागणार, पूर्ण बेशुद्ध करावे लागणार. घोडीचे वय सोळा, निघून गेलेला वेळ फार. मेजावरून ती उठेलच असे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मालक तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. मग तो म्हणाला, "साहेब, हिला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं." ट्रक त्याने बोलावला नाही. मध्यरात्रीपूर्वी वैद्यांनी अखेरची सुई टोचली व घोडी सुटली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वसाहतीत ह्या गोष्टीची चर्चा सुरू झाली. कोणी त्या मालकास कवडीचुंबक म्हटले, कोणी कसाई म्हटले. ज्यांनी मागल्या वर्षी आपल्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेवर मोठी रक्कम खर्च केली होती, असे एक सद्‌गृहस्थ तर सर्वांत कठोर होते. खरे सांगावयाचे तर पहिले दोन दिवस आमचेही मत फारसे निराळे नव्हते. परंतु त्या माणसाचे ते एक वाक्य मनातून जाईना; आणि जसजसा त्याचा विचार करू लागलो, तसतसे आम्हांस दिसू लागले की, ज्यास आपण कंजूषपणाचा प्रश्न समजत होतो तो वस्तुतः नीतिशास्त्रातील एक बराच अवघड प्रश्न आहे. दुसऱ्या जिवाच्या वतीने, त्यास काहीही न कळविता, मरणाचा धोका पत्करण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आणि असल्यास तो कोणत्या अटींवर?

माणूस शस्त्रक्रियेस जातो तेव्हा त्याच्यापुढे एक कागद ठेवतात. तो कागद कोणी धड वाचत नाही ही गोष्ट निराळी. पण सहीमागचा अर्थ स्पष्ट आहे. धोका माझा, लाभ माझा, आणि तराजू माझ्याच हाती. घोड्याच्या बाबतीत धोका घोड्याचा, सही मालकाची, आणि लाभ कोणाचा हे प्रत्येक वेळी निराळे. ह्या तिढ्याचा उलगडा करण्यापूर्वी तो धोका म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. वस्तुस्थिती न पाहता नीतीचा निवाडा देणे सोपे असते, म्हणूनच तो इतका स्वस्त मिळतो.

इथर व क्लोरोफॉर्म ह्यांचा उपयोग १८४६ व १८४७ ह्या सालांत माणसांवर होऊ लागला, आणि लवकरच घोड्यांवरही झाला. त्यापूर्वी घोडा दोरखंडांनी जखडून पाडीत व शुद्धीत असतानाच कापीत. तेव्हा बेशुद्धीचे औषध हे घोड्याच्याही दृष्टीने केवढे वरदान होते हे सांगणे नको. परंतु घोड्याचा देह मूळचा निजून राहण्यासाठी घडलेलाच नाही. पायांच्या सांध्यांस खीळ घातल्याप्रमाणे उभ्याउभ्याच विसावा घेण्याची सोय निसर्गाने त्यास दिली आहे. तो आडवा होतो तो थोडा वेळ, आणि आसपास निर्धास्त वाटले तरच. अशा चार-पाचशे किलो वजनाच्या प्राण्यास औषधाने पाडून, पाय बांधून, यारीने उचलून मेजावर उताणा ठेवला म्हणजे त्याच्या पोटातील आतड्यांचा तो अवाढव्य भार छातीच्या पडद्यावर येतो व फुप्फुसे दबतात. नळीने शुद्ध प्राणवायू दिला तरी रक्तात तो पुरेसा मिसळत नाही. इकडे औषधाच्याच गुणाने रक्ताचा दाब उतरतो. ज्या अंगावर देहाचा भार पडला असेल तेथील स्नायूंत रक्त शिरत नाही, आणि तास-दोन तासांत ते मांस आतल्या आत बिघडू लागते. म्हणून मेजावर जाड गाद्या घालतात, पाय विशिष्ट रीतीने टेकवितात, डोक्यावरची मुरकी काढून ठेवतात, कारण तिच्या कडीखाली चेहऱ्याची शीर दबली तर ओठ लुळा पडतो. रक्तदाब सावरण्यासाठी शिरेतून औषध चालू ठेवतात. शस्त्रक्रिया जितकी लांबेल तितका धोका वाढतो. अपरात्री, घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत तो आणखी वाढतो.

एवढे सर्व निभावले तरी खरी परीक्षा पुढेच असते. माणूस शुद्धीवर येतो तो बिछान्यावर कण्हत पडतो. परिचारिका त्यास सांगते, "हलू नका," आणि तो हलत नाही. घोडा शुद्धीवर येतो तो भेदरलेला. आपण कोठे आहो, पाय का उचलत नाहीत, हे त्यास कळत नाही. त्याच्या पूर्वजांच्या हजारो पिढ्यांनी त्यास एवढेच शिकविले आहे की, जमिनीवर पडलेला घोडा म्हणजे वाघाचे भक्ष्य. म्हणून पाय सावरण्याआधीच तो उठण्याची धडपड करतो, कोसळतो, पुन्हा उठतो. त्यासाठी भिंतींस गाद्या लावलेली अंधारी, शांत खोली असते. डोक्यास व शेपटीस दोर बांधून माणसे त्यास सावरतात. उठण्याची घाई होऊ नये म्हणून थोडे गुंगीचे औषध पुन्हा देतात. तरीही हाडे मोडतात. कित्येकदा असे घडते की, शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, टाके नीट पडलेले असतात, आणि घोडा मरतो तो उभा राहण्याच्या प्रयत्नात पाय मोडून.

ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘रफियन’ नावाची शर्यतीची घोडी. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेल्मॉंट मैदानावर, हजारो लोकांदेखत, धावता धावता तिच्या पुढल्या पायाची हाडे फुटली. त्याच रात्री शल्यवैद्यांनी शर्थ करून पाय जोडला व प्लास्टर घातले. घोडी शुद्धीवर आली आणि आडवी पडल्यापडल्याच पाय झाडू लागली; जणू तिच्या मनात शर्यत अजून चाललीच होती. प्लास्टर निकामी झाले, पाय पुन्हा मोडला, आणि उजाडण्यापूर्वी तिला मरण द्यावे लागले. तेथे पैशाची, ज्ञानाची, ममतेची, कशाचीच उणीव नव्हती. उणीव एवढीच होती की, "स्वस्थ पड, तुझ्या बऱ्यासाठीच हे चालले आहे," हे चार शब्द तिला सांगण्याची सोय नव्हती.

आता आकडे. इ. स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४१ हजारांहून अधिक घोड्यांच्या बेशुद्धीचा हिशेब मांडला होता. सात दिवसांच्या आत मेलेल्यांचे प्रमाण शेकडा १.९ भरले, पोटशूळाचे रोगी वगळले तर शेकडा ०.९. मेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश हृदय बंद पडून गेले, व जवळजवळ तितकेच हाड मोडून किंवा स्नायू बिघडून. त्यानंतर विद्या पुढे गेली आहे. २०२१ मधील अशाच पाहणीच्या प्राथमिक निष्कर्षांत हे प्रमाण एकंदरीत शेकडा १ पर्यंत उतरलेले दिसते, व पोटशूळ वगळता शेकडा ०.६ पर्यंत, पोटशूळात मात्र ते शेकडा ३.४ आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत केवळ भुलीने होणारा मृत्यू लाखांत एखादा. इंग्लंडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात कुत्र्यांचे प्रमाण शेकडा ०.१७ होते. तेव्हा आमच्या त्या श्वानप्रेमी शेजाऱ्यांनी ज्या धैर्याने कुत्र्यासाठी सही केली ते धैर्य, आणि घोडीच्या मालकाकडून ज्या धैर्याची अपेक्षा केली ते धैर्य, ही एका जातीची नव्हेत.

कोणी म्हणेल, शंभरांत एक म्हणजे काय मोठेसे? ज्याच्या पागेत शंभर घोडी आहेत त्यास ते ठीक आहे. त्याचा एक घोडा जाईल व नव्व्याण्णव राहतील. पण ज्याच्या दारी एकच घोडी आहे तिच्या बाबतीत शंभरावा हिस्सा मरत नसतो; ती सबंध जगते किंवा सबंध मरते. शिवाय हे आकडे पुष्कळ अंशी सुसज्ज रुग्णालयांतून गोळा झालेले असतात. सोळा वर्षांची, आठ तास वेदनेने थकलेली, ट्रकात हेलकावे खात आलेली घोडी त्या सरासरीत बसत नाही, हे कोणताही प्रामाणिक वैद्य कबूल करील; आणि ह्या वैद्यांनी ते केले.

संमतीच्या प्रश्नावर सामान्यतः एक उत्तर देतात: तान्ह्या मुलाच्या वतीने आईबाप सही करतातच की नाही? करतात, पण दाखला पुरता लागू नाही. मूल उद्या मोठे होते. आईबापांनी त्याच्या वतीने जो धोका पत्करला त्याबद्दल ते त्यांचे उपकार मानील किंवा त्यांस जाब विचारील. आजची सही ही एका अर्थी त्या उद्याच्या माणसाकडून उसनी घेतलेली सही असते. घोडा कधीच मोठा होत नाही. त्याच्याकडून ना आभार, ना जाब. म्हणून त्याच्या बाबतीत आपले उत्तरदायित्व कमी होते असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते वाढते असे वाटते, कारण येथे हिशेब तपासणारा दुसरा कोणी नाही.

दुसराही एक भेद आहे. माणूस आजचे दुःख उद्याच्या सुखाच्या भरवशावर सोसतो. महिनाभर पाय बांधून पडलेला रोगी मनात दिवस मोजतो; ते मोजणे हेच त्याचे अर्धे औषध. घोड्याजवळ ही मोजदाद नाही. त्याची वेदना म्हणजे त्या क्षणापुरते त्याचे सर्व विश्व होय. तेव्हा "थोडे सोसले की बरा होईल" हा विचार आपला आहे, घोड्याचा नव्हे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री माणूस डोळ्यास डोळा लावीत नाही. घोडा मात्र, पोट दुखत नसेल तर, निवांत उभा असतो. मरणाची भीती जी आपणांस छळते तिच्यापासून तो मुक्त आहे. भुलीच्या औषधाखाली तो मेला तर त्याने काय गमावले हे त्यास कधीच कळत नाही. म्हणून आम्हांस असे वाटते की, घोड्याच्या बाबतीत नुसत्या मरणाच्या धोक्यापेक्षा भीतीच्या व वेदनेच्या धोक्यास अधिक वजन दिले पाहिजे. मेजावरचा मृत्यू मालकास भयंकर वाटतो. घोड्यास भयंकर आहे ती त्यानंतरची गादीच्या भिंतींची खोली.

हे एकदा मान्य केले म्हणजे सर्व शस्त्रक्रिया एका मापाने मोजता येत नाहीत हे उघड होते. ज्या घोड्याच्या आतड्यास पीळ पडला आहे त्यास ओकारीचीही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. शस्त्रक्रिया न केली तर तो तडफडून मरणारच. तेथे धोका व लाभ दोन्ही घोड्याचेच आहेत. पण खोंड मस्ती करतो, वरातीत बँडच्या आवाजाने बिथरतो, म्हणून त्यास आख्ता करावयाचा, ही शस्त्रक्रिया कोणाच्या सोयीची? आमच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने विहित रीतीने केलेल्या खच्चीकरणास क्रूरतेच्या व्याख्येतून वगळले आहे, व तसे करण्यास व्यावहारिक कारणेही आहेत. आख्ता घोडा इतरांबरोबर सुखाने राहतो, मार कमी खातो, असेही म्हणता येईल. तथापि जेथे लाभ मुख्यतः आपला, तेथे धोका किमान तरी लहान करण्याचे ऋण आपणांवर राहते. गुंगीचे औषध देऊन व जागा बधिर करून घोडा उभा असतानाच अनेक शस्त्रक्रिया आता करता येतात. आताच सांगितलेल्या २०२१ च्या पाहणीत अशा उभ्या शस्त्रक्रियांतील मृत्यू शेकडा ०.२ इतकेच आढळले. जे काम उभ्याने होण्याजोगे आहे ते वैद्याच्या किंवा मालकाच्या सोयीसाठी आडवे पाडून करणे हा आमच्या मते अपराध आहे, मग घोडा सुखरूप उठो वा न उठो.

शर्यतीच्या घोड्याचा प्रकार तर ह्याहून विचित्र. तेथे ज्या पायाची शस्त्रक्रिया करावयाची तो मोडण्याचे कारणही आपणच. १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे धावत आहेत. आम्हीही तरुणपणी एक-दोनदा कठड्याशी उभे राहून ते दृश्य पाहिले आहे, आणि ते सुंदर नाही असे म्हणण्याइतके आम्ही अप्रामाणिक नाही. २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘बार्बारो’ नावाच्या घोड्याचा मागचा पाय शर्यतीत मोडला तेव्हा त्यास पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया केली, आणि रफियनची गत होऊ नये म्हणून पाण्याच्या कुंडात तराफ्यावर तरंगत ठेवून शुद्धीवर आणले. पाय झाडले तरी आपटावयास काही नाही! मनुष्याच्या बुद्धीचे हे कौतुकच केले पाहिजे. पण पुढे आठ महिने दुखण्यामागून दुखणे काढून, खुरांच्या आतील दाहाने जर्जर होऊन, २९ जानेवारी २००७ रोजी त्यासही मरण द्यावे लागले. त्या आठ महिन्यांत घोड्यास काय मिळाले व माणसांस काय मिळाले, ह्याचा ताळेबंद आम्ही मनातल्या मनात पुष्कळदा मांडून पाहिला, जमत नाही. कारण त्यात चांगले चरण्याचे दिवसही होते.

येथे आपल्याकडील जुना वाद आठवतो. मुंबईत १८३४ साली पांजरापोळ निघाली ती जनावरास मारू नये ह्या श्रद्धेतून; म्हातारे, लंगडे, मरणोन्मुख जनावर तेथे आपल्या मरणाने मरेपर्यंत पोसावयाचे. पुढे परळास बाई साकरबाई पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले, व १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय. तेथे बरे करण्याची विद्या आली. परंतु ज्यास बरे करता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरलाच. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनेने तळमळत होते. उपाय थकल्यावर गांधीजींनी त्यास स्वतःसमक्ष सुई टोचवून मरण देवविले, आणि तसे उघडपणे लिहिले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता वासरू मारतो, हे कित्येकांस पचेना. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या वेदनेचा शेवट करण्यात स्वार्थ नसेल तर ती हिंसा नव्हे. १९६० च्या कायद्याच्या तेराव्या कलमातही, वाचविणे अशक्य झालेल्या जनावरास मरण देण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे कायदा व नीती ह्या दोहोंनीही मान्य केले आहे की, जिवंत ठेवणे हीच एकटी दया नव्हे. मात्र ‘स्वार्थ नसेल तर’ ही अट फार कठीण आहे, व आमच्या वसाहतीतील वादाचे मूळ नेमके तेथेच होते.

कारण पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. वरातीच्या घोडीचा मालक सधन नसतो. माथेरानास, जेथे मोटारीस मज्जाव आहे, तेथे एकाच घोड्याच्या पाठीवर सगळा संसार चालविणारी कुटुंबे आहेत. अशा माणसाने शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले आणि घोडा मेला, तर दुसरा घोडा घेण्याचे त्राण राहत नाही. जगला, तरी कित्येक महिने तो कामाचा नाही, आणि खुराक मात्र रोजचा. श्रीमंताचा नकार आपण ‘दया’ म्हणून सहज ऐकून घेतो, गरिबाचा तोच नकार ‘चिक्कूपणा’ ठरतो. धोक्याचे निमित्त पुढे करून खर्च टाळणारे मालक नसतील असे नाही, पुष्कळ असतील. पण धोका खरा असताना खर्चही टळला, एवढ्यावरून धोक्याचे कारण खोटे होत नाही. दोन्ही हेतू एकाच मनात शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि कोणता किती हे त्या मनासही नेहमी सांगता येत नाही. त्या घोडीचे वय सहा असते, आजार तासाभराचा असता, तर नकार आम्ही क्षम्य मानला नसता. तेव्हा कर्ज काढणे, निदान आम्हां शेजाऱ्यांपाशी मागणे, हे त्याचे कर्तव्य ठरले असते, आणि देणे हे आमचे. ह्या दुसऱ्या कर्तव्याची आठवण चर्चेत कोणी काढली नाही, हेही नमूद करून ठेवतो.

हे सर्व मनात घोळत असता आम्ही एके दिवशी त्या मालकाकडे गेलो. पुढल्या चार लग्नांचा घेतलेला बयाणा त्याने परत केला होता. घोडीची जरीची झूल घडी करून खाटेवर ठेवलेली होती. आम्ही काहीसे चाचरत त्यास विचारले की, पुन्हा तसाच प्रसंग आला तर तो काय करील. तो म्हणाला, "ती सारंगखेड्याच्या बाजारातनं आणली तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हा असं झालं असतं तर घर गहाण टाकलं असतं साहेब. पण त्या रात्री ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून उभी होती. तिला ट्रकात चढवायला मला तिला मारावं लागलं असतं." मग थोडे थांबून तो म्हणाला की, भावाने त्यास दीड वर्षाचे एक शिंगरू देऊ केले आहे, ते फार अवखळ आहे, आणि वरातीस लावावयाचे तर आख्ता करावे लागेल, तेव्हा ते निजवून करून घ्यावे की उभ्यानेच?

आम्ही त्यास वैद्यांना विचारण्यास सांगितले, आणि शिंगरू पाहावयास त्याच्याबरोबर मागल्या बाजूस गेलो.